मागच्या वेळचा भुरा

परवा तुझा मेसेज आला. मुलाखतीत हमखास विचारतात की चांगल्या टीम मेंबरमध्ये कोणते गुण असावेत, आणि आजी, तू इतकी वर्षं नोकरी केलीस, तर मला पाच मुद्दे दे. मी दहा मिनिटांत दिले. वेळेवर यावं. समोरच्याचं पूर्ण ऐकावं. सांगायचं ते स्पष्ट सांगावं. अडलेल्याला न मागता हात द्यावा. चूक झाली तर ती आपली म्हणावी. तू अंगठा पाठवलास. तुझ्या भावाने हसरा चेहरा पाठवून लिहिलं, ‘आजी अजून ऑफिसातच आहे!’

ते मुद्दे इतक्या लवकर सुचले नाहीत, ते मला पाठच होते. एके काळी मीच ते मिलच्या भिंतीवर लावण्यासाठी तीन भाषांत लिहिले होते. त्यातला पाचवा मी स्वतः पाळला नव्हता. तो तुला पाठवून मी गप्प बसले, आणि दोन दिवस मला काही सुचलं नाही. म्हणून हे लांबलचक लिहिते आहे. दोघांनी वाचा. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे. लागू दे.

तुमचे आजोबा गेले तेव्हा तुमची आई कॉलेजात होती. मी अमरावतीची, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, आणि सुरतेत येऊन वीस वर्षं फक्त घर सांभाळलेली. पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलला बाहेरदेशी पत्रं लिहायला माणूस हवं होतं, तिथे मी लागले. पत्रं दिवसाला तीन-चारच असत. उरलेल्या वेळात मी रंगांच्या नोंदी ठेवायला घेतल्या, कारण त्या कोणीच नीट ठेवत नव्हतं.

मिलमध्ये व्यापाऱ्याचं कोरं कापड यायचं आणि रंगून परत जायचं. व्यापाऱ्याला सगळे ‘पार्टी’ म्हणत. प्रत्येक रंगाला नंबर. रंगलेल्या कापडाचा बोटभर तुकडा, म्हणजे पॅच, मी रजिस्टरात चिकटवायची आणि शेजारी नंबर, पार्टी, तारीख लिहायची. ज्या खोलीत रंगाची पावडर तोलून कालवतात तिला कलर किचन म्हणत. त्या किचनचे मालक म्हणजे भाऊ. मालक अर्थात मी म्हणते. पगारी माणूस होते, अमळनेरकडचे, माझ्याहून चार वर्षांनी लहान. तरी मी त्यांना भाऊ म्हणायची आणि ते मला ताई.

त्यांचा डोळा कसा होता हे सांगणं अवघड आहे. पॅच ते कधी ट्यूबलाइटखाली बघत नसत. दारात जाऊन, उन्हाकडे पाठ करून बघत. मला दोन्ही तुकडे सारखेच दिसायचे. ते म्हणायचे, “लाल मारतोय, ताई.” मास्तर, म्हणजे आमचे गुजराती डाइंग मास्तर, मशीनवर तपासायचे आणि वैतागून म्हणायचे, “हा, थोडो लाल मारे छे. आ माणसने आंख छे के मशीन?”

जेवायला आम्ही तिघं एकत्र बसायचो. भाऊंच्या डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. माझ्या डब्यातल्या पोळीचा पापुद्रा उचलून ते म्हणायचे, “ताई, हिच्यावर लॉट नंबर टाका नि रजिस्टरात चिकटवा.” मास्तर हसून हसून पाणी प्यायचे. आमच्याकडे ‘टीम’ हा शब्द क्रिकेटपुरता होता. पण माझं डोकं दुखत असेल त्या दिवशी भाऊ पॅच स्वतः वर आणून द्यायचे, आणि त्यांच्या पोरीची परीक्षा असली की मी तिच्या इंग्रजीच्या वहीत खुणा करून पाठवायची. हे कोणी ठरवलेलं नव्हतं.

कामाचा एक नियम मात्र ठरवलेला होता, आणि तो मी केला होता. कोणत्याही चिठ्ठीवर रंगाचं नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. गुलाबी म्हटलं की दहा जणांचे दहा गुलाबी. चिठ्ठी खाली गेली की भाऊ फोनवरून ती मला मोठ्याने वाचून दाखवायचे, मी रजिस्टरात बघून ‘हो’ म्हणायची, आणि त्यानंतरच पावडर काट्यावर चढायची. शेकडो वेळा वाचून दाखवलं असेल त्यांनी. एकदाही कंटाळा केला नाही.

त्या दिवशी मास्तर सुरतेजवळच्या सचिन गावातल्या युनिटला गेले होते. जेवणाची सुट्टी व्हायला पाच मिनिटं होती आणि एका जुन्या पार्टीचा फोन आला. घाईत होते. “बेन, दुपट्टानो माल आव्यो छे ने? भूरो करजो. गया वखते कर्यो हतो ए ज. नंबर मने याद नथी.” मी म्हटलं, बघून घेते. रजिस्टर समोरच्या कपाटात होतं, सहा पावलांवर. मला भूक लागली होती. मी चिठ्ठीवर पार्टीचं नाव, लॉट आणि पुढे लिहिलं, ‘मागच्या वेळचा भुरा’.

आता एवढं समजून घ्या. गुजरातीत भूरो म्हणजे निळा. हिंदीत भूरा म्हणजे तपकिरी. मला हे माहीत नव्हतं असं नाही. बाजारात भाजी घेत, दुकानातून साडी घेत मी ही भाषा शिकले होते. पण कानात गुजराती होतं आणि हात देवनागरीत चालला. भाऊंना खानदेशातून आल्यावर कारखान्याच्या हिंदीनेच रंगांची नावं शिकवली होती. त्या पार्टीचे मागच्या वेळी दोन रंग झाले होते, एक गडद निळा आणि एक कॉफी.

फोन वाजला. “ताई, मागच्या वेळचा भुरा, बरोबर?”

“हो हो, भुराच.”

“नंबर नाही टाकला.”

“मागचाच आहे, भाऊ. जेवायला या आता.”

त्यांनी विचारलं होतं. हे मी दोनदा लिहिते आहे, कारण पुढे जे झालं त्यात हेच विसरलं गेलं. त्यांनी विचारलं होतं.

पाच वाजता ते स्वतः पॅच घेऊन वर आले. चेहरा इतका खुललेला. “बघा, ताई. मागच्याला लावून बघा. केसाएवढा फरक नाही.” त्यांनी दोन्ही तुकडे माझ्या टेबलावर ठेवले. दोन्ही कॉफी.

मी म्हटलं, “भाऊ, हा निळा हवा होता.”

“निळा? चिठ्ठीवर तर भुरा...” ते थांबले. खिडकीबाहेर बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “पार्टी गुजराती.”

“हो.”

“अरे देवा.”

बिघडलेल्या कापडावर शेवटी काळा रंग चढवतात, त्याखाली काहीही झाकलं जातं. पण ते दुपट्टे लग्नाच्या ऑर्डरचे होते आणि पार्टीने काळे घ्यायला साफ नकार दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठनी मला, भाऊंना आणि मास्तरांना केबिनमध्ये बोलावलं. शेठ ओरडणारे नव्हते. एवढंच विचारलं, “कोनी भूल?” कोणाची चूक.

मी तोंड उघडणार होते की नव्हते, हे मला आज सांगता येत नाही. खूप वेळा आठवून बघितलं आहे. भाऊ बोलले, “शेठ, ताईंनी नंबर दिला होता. मीच गठ्ठ्यातून दुसरा पॅच काढला.”

“चिठ्ठी?”

“पाण्यात पडली.”

शेठनी माझ्याकडे बघितलं. “बेन, नंबर आपेलो?”

मी म्हटलं, “हा.”

गुजरातीत ‘आपेलो’ म्हणजे दिलेला, आणि ‘हा’ म्हणजे हो. एका अक्षराचं काम होतं. नंतर टेबलावर येऊन मी रजिस्टर उघडलं आणि त्या लॉटच्या रकान्यात निळ्याचा नंबर लिहिला. अक्षर नेहमीसारखंच आलं.

जिन्यात भाऊ भेटले. मी म्हटलं, “भाऊ, मी आत जाऊन खरं सांगते.”

“आता सांगाल तर दोघंही खोटे ठरू. तुम्हाला घरी बसवतील, ताई. पोरीचं शिक्षण चालू आहे तुमच्या. मला काय, इकडून तिकडे करतील. महिन्याभरात मास्तर परत बोलावतो की नाही बघा. त्याला कुठे दिसतंय माझ्याशिवाय?”

आणि ते हसले. मी त्या हसण्याला धरून बसले. महिना जाऊ दे, मग बघू.

त्यांना फोल्डिंग खात्यात टाकलं. तिथे तयार कापडाच्या घड्या घालायच्या, गाठी बांधायच्या. रंगाशी संबंध नाही. मास्तर त्यांना परत बोलावणार होते, पण त्याच सुमारास रंग जुळवणारा कॉम्प्युटर आला आणि तो चालवायला शिकलेला माणूस आला. भाऊंना लोक ‘भूरा’ म्हणायला लागले. “ए भूरा, चहा कुठल्या रंगाचा आहे सांग!” ते उलट म्हणायचे, “निळा आहे, पी लवकर.” सगळे हसायचे. डबा खायला मात्र ते आमच्यात आले नाहीत. फोल्डिंगची सुट्टी अर्धा तास आधी असते, असं त्यांनी सांगितलं. मी जाऊन खात्री केली नाही.

वर्षभराने शेठच्या मुलाने कुठल्याशा शिबिरातून येऊन ठरवलं की भिंतीवर चांगल्या सहकाऱ्याचे गुण लावायचे. लिहिणार कोण, तर बेन. मी इंग्रजीत लिहिले, मग मराठीत, मग गुजरातीत. पाचवा मुद्दा लिहिताना मी थांबले नाही, हे खरं आहे. तो त्या यादीत असायलाच हवा होता, म्हणून लिहिला. फलक फोल्डिंग खात्याच्या दाराशेजारी लागला. मी तो सरळ लागला आहे का बघायला गेले, तेव्हा भाऊ समोर उभे राहून वाचत होते. ओठ हलवत वाचायची त्यांना सवय होती. शेवटच्या ओळीपर्यंत ओठ हलले. मग मागे वळून म्हणाले, “चांगलं लिहिलंय, ताई. छापल्यासारखं अक्षर आहे तुमचं.”

टोमणा असता तर बरं झालं असतं. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

त्या दिवाळीनंतर ते पलसाण्याच्या एका युनिटमध्ये गेले, तिथेही घड्या घालायलाच. जाताना निरोप घ्यायला वर आले नाहीत. मी पुढे आणखी सात वर्षं काम केलं. निवृत्त झाले तेव्हा मला शाल दिली आणि शेठच्या मुलाने भाषणात सांगितलं की बेनच्या रजिस्टरात कधी एक चूक सापडली नाही. तो फोटो तुमच्या आईने तुम्हाला दाखवला असेल. मी त्यात खाली बघते आहे.

आता यंदाचं. होळीनंतर मास्तरांचा फोन आला. तेही आता घरीच असतात. म्हणाले, “बेन, तमारा भाऊने दवाखानामां दाखल कर्या छे. लिव्हरनुं छे. जवुं होय तो जई आवजो.” मी म्हटलं, जाते. आणि गेले नाही. का, ते ऐका. मला वाटलं, तिथे गेल्यावर रडू येईल, शब्द सुचणार नाहीत, काहीतरी राहून जाईल. म्हणून मी ते लिहून काढायला बसले. त्यांच्यासमोर वाचता येईल, त्यांच्या बायकोमुलांसमोर वाचता येईल असं, तारखेवार. पहिल्यांदा फार लांब झालं. दुसऱ्यांदा त्यात माझीच बाजू फार आली असं वाटलं. तिसऱ्यांदा स्वच्छ कागदावर उतरवलं. याला आठ दिवस गेले. नवव्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात गेले तर त्या खाटेवर दुसरंच कोणी होतं. ते पाचव्या दिवशी गेले होते.

चार दिवस. मी शुद्धलेखन तपासत होते.

पत्ता मास्तरांकडून घेतला आणि तेराव्यानंतर त्यांच्या घरी गेले. एका सोसायटीच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. दार त्यांच्या बायकोने उघडलं. मी त्यांना कधी भेटले नव्हते, पण त्यांनी मला ओळखलं. “तुमी ऑफिसन्या ताई ना? या, बठा.” भिंतीवर भाऊंचा फोटो होता, हार घातलेला. फोटोतला शर्ट कुठल्या रंगाचा होता ते मी बघितलं नाही. बघवलं नाही.

त्या बोलत होत्या, मी ऐकत होते. भाऊंची नोकरी बदलली तेव्हापासूनचं. “त्यास्ना डोया गया अशे आमले वाटे,” त्या म्हणाल्या. डोळाच गेला असं घरच्यांना वाटत होतं. आधी घरातलं प्रत्येक लुगडं, पोरीची प्रत्येक ओढणी तेच पसंत करायचे. दुकानदार त्यांना दारात बघून हसायचा, आता हा माणूस तासभर घेणार. मिलमधला तो प्रकार झाल्यावर घरात कोणी त्यांना रंग विचारेना. विचारलं तर म्हणायचे, तुम्हीच घ्या, मला आता फरक कळत नाही. बायकोने दोनदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, नजर छान आहे. ते म्हणाले, डॉक्टरला काय कळतं. पोरीच्या लग्नाचा शालू पोरीने आणि आईने जाऊन आणला. ते दुकानाबाहेर बाकावर बसून राहिले.

म्हणजे खोटं त्यांनी घरीही मोडलं नव्हतं. मला वाटत होतं, निदान घरी तरी सांगितलं असेल. एवढीच एक समजूत करून मी इतकी वर्षं काढली होती.

पर्समध्ये तिसरा कागद होता. मी तो काढला नाही. तोंडाने सांगितलं. पार्टीचा फोन, सहा पावलांवरचं रजिस्टर, भुरा शब्द, त्यांचा फोन, माझं ‘हो हो’. मग केबिन, आणि माझं ‘हा’. रडू आलं नाही. शब्दही अडले नाहीत. इतकं सोपं होतं ते, सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

त्या पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिल्या. मग विचारलं, “मंग तुमी तवय का बरं बोलन्यात नही?” तेव्हा का बोलला नाहीत.

मुलगी शिकत होती, नोकरी जाईल अशी भीती वाटली, भाऊच म्हणाले की आता सांगू नका. यातलं सगळं खरं आहे आणि यातलं काहीच त्या बाईसमोर बोलता येईना. मी म्हटलं, “बोलायला हवं होतं, वहिनी.”

“ते कॉलेजात शिकनारी पोर तुमनी. आमनी बी शिकेच ना.” आमचीही शिकतच होती. माझ्या मुलीचं त्यांना भाऊंकडूनच कळलं असणार. इतकंच म्हणाल्या, आवाज न चढवता. मग उठल्या. मला वाटलं जायला सांगतील. त्यांनी पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, पोरगा चारला पाळीवरून येतो, तोपर्यंत बसा. हे त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या. मी सांगितलं तर तो म्हणेल, आई बाबांची बाजू घेते.

दोन तास मी त्या खोलीत बसले. त्यांनी तांदूळ निवडले, कुकर लावला, शेजारणीशी दारात बोलल्या. मला चहा विचारला नाही, आणि ते बरंच केलं.

मुलगा आला. तिशीचा असेल, चेहरा थेट भाऊंचा. तोही सचिनला डाइंगमध्येच आहे. हातावर रंगाचे डाग होते, कोपरापर्यंत. आईने त्याला बसायलासुद्धा सांगितलं नाही. माझ्याकडे हात करून म्हणाली, ऐक. मी पुन्हा सगळं सांगितलं. तो दाराला टेकून उभा होता. मधे एकदाच बोलला. “आंटी, मला तिथे अजून भूरा का लडका म्हणतात. माहिती आहे तुम्हाला?”

मला माहीत नव्हतं.

“मीपण घरी येऊन त्यांना बोलायचो. बाबा, तुम्ही नीट बघितलं असतं तर. कितीदा बोललोय.” तो आईकडे बघायला लागला. “ते हसायचे फक्त.”

कुकरची शिट्टी झाली. कोणी उठलं नाही. मग त्याने खिशातून मोबाइल काढला, नंबर लावला, आवाज मोठा केला आणि तो माझ्यासमोर चटईवर ठेवला. पलीकडून बाईचा आवाज आला, मागे लहान मूल रडत होतं.

“दीदी,” तो म्हणाला, “बाबाच्या ऑफिसच्या ताई आल्यात. तू ऐक फक्त, मधे बोलू नको.” आणि मला म्हणाला, “बोला, आंटी. परत बोला. शुरूसे.”

मी गुडघ्यावर हात टेकून थोडी पुढे झुकले, तिला नीट ऐकू जावं म्हणून, आणि पार्टीच्या फोनपासून सुरुवात केली.